पातेल्याचं बूड

शिवडीच्या चिखलात, ओहोटीला,
तिपाईशेजारी मी पालथं घातलं
घरचं स्टीलचं पातेलं.
चकचकीत बुडात सगळं आभाळ वाकलेलं.
उजेड कुठून येतो, तेवढंच टिपायचं होतं.

जेट्टीवरून हिराजी तांडेल ओरडले,
"आन् भात कुठं हाय?"

रात्री परळच्या खोलीत
संगणकावर घडवला देवमासा,
काळा, ओला,
फोटोतल्या चिखलावर ठेवला.
सावली बसेना.
पुन्हा. पुन्हा.
मशीनचा पंखा घरघरत राहिला.

पातेल्यातून स्वतःला मी आधीच पुसलं होतं,
कडेकडेनं, नीट.

चारला चित्र उतरलं.
मोठं करत गेलो, तर
माशाच्या डोळ्यात हिराजी,
बुडाच्या बाकानं वाकलेले,
विडी पेटवताना,
काडीभोवती ओंजळ धरून
वारा नसलेल्या चित्रात.