एका डोळ्यात एक थेंब

फेलिझार्दा पहाटेच येते,
कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत.
सायकलच्या टोपलीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली
बोटाएवढी बाटली.
म्हणते, ऊन लागलं की लस मरते,
मग थेंब टाकला काय
नि लिंपोपोचं पाणी टाकलं काय, सारखंच.

मी एकेक धरून देते.
पंख मिटून, काखेत, मान आडवी.
थेंब पडतो, कोंबडी डोळा मिचकावते
आणि चारचौघांत अपमान झाल्यासारखी
तरातरा निघून जाते.

गेल्या साली हिला मी फाटकातूनच परत लावलं होतं.
कोंबडीमागे दोन मेतिकाल?
माझ्या धडधाकट आहेत, म्हटलं.
होत्याही.

ऑगस्टात आधी कोंबडा आरवायचा थांबला.
मग हिरवी विष्ठा, मिटले डोळे,
लोंबते पंख.
मी लसूण ठेचला, कोरफड पाण्यात कालवली,
शेवटी पळत हिच्याच दारात.
आता नाही, ती म्हणाली. हा थेंब निरोग्यांचा.
आजारी वेगळ्या काढ. मेलेल्या खोल पूर.
आणि कुणाला देऊ नकोस.

तिसरं मी ऐकलं नाही.

शोक्वेला बहिणीच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं.
रिकाम्या हाती कशी जाऊ?
अजून दाणे टिपत होती अशी एक पांढरी निवडली,
पाय बांधले, मांडीवर घेऊन मिनीबसमध्ये बसले.
सगळी वाट ती ऊबदार लागत होती.

बहिणीने तिला कापली नाही.
इतकी देखणी, म्हणाली, राहू दे,
आणि आपल्या कोंबड्यांत सोडली.

नवव्या दिवशी फोन.
एकोणीस, बहीण म्हणाली. शेजारणीच्या सात.
पुढे बराच वेळ नुसती खरखर.

माझ्याकडे एक उरली, वाकड्या मानेची.
दाण्यावर चोच मारते, शेजारची माती लागते.
दिवसातून कितीदा मारते, मी मोजत नाही.

बाजारातून आणलेल्या नव्या पिल्लांना
दोन आठवडे स्वयंपाकघरामागे वेगळं ठेवलं,
त्यांच्याकडे जाऊन आले की पाय धुतले.
शेजारी हसले. हसू देत.

फेलिझार्दा वही काढते. तुझे चौदा थेंब.
तेहतीस लिही, मी म्हणते.
एकोणीस शोक्वेचे.
तिच्या अंगणात अजून एक पीस नाही गं, ती म्हणते.

लिहून ठेव.