दोन मिलिमीटर

माझं काम गिरवण्याचं.
वरच्या मजल्यावर साहेब लोक पेन्सिलीने विचार करत,
खाली आम्ही सातजणी
पारदर्शक कापडावर शाईने तो पक्का करत असू.

चोपाउ नदीचं नाव, तेच गावाचंही.
खिडकीखाली दिवसभर चाचणीची इंजिनं,
पत्र्यावर कुणी वाटाणे ओततंय, ओततंय,
आणि पोतं काही रिकामं होत नाही.

सव्वाशे सीसी. अर्धा पेला दूध मावेल एवढी जागा.
बावन्नचा व्यास, अठ्ठावन्नची धाव.
झडपा नाहीत, कॅमची मिजास नाही,
भिंतीतच भोकं, आणि पिस्टन हाच दरवान:
येताजाता एक दार लावतो, एक उघडतो.
ताजी हवा दोन बाजूंनी शिरते,
मागच्या भिंतीला टेकून वळते,
जळका धूर पुढे घालून बाहेर काढते.
तो वळसा गिरवताना मला आईचं झाडणं आठवायचं,
कोपऱ्यातून दाराकडे, एकही पाऊल फुकट नाही.
ज्यांना मोठी गाडी परवडत नाही
त्यांच्यासाठी होतं ते सगळं:
सुईण, पोस्टमन, खाणीतला पोरगा.

एकोणचाळीसचा मार्च.
गेरोल्डला, माझ्या भावाला, बोलावणं आलं ती दुपार.
क्लचच्या झाकणाला आतून आधाराची एक बारीक फासळी,
ती मी दोन मिलिमीटर आधीच थांबवली.
शाईची चूक ब्लेडने खरवडता येते,
पण आधी ती दिसावी लागते.
हेर क्नाउटांनी भिंग फिरवलं, सही ठोकली.
लाकडाचा साचा झाला, वाळूचा झाला,
अ‍ॅल्युमिनियम ओतलं गेलं.
तोवर मला कळलं होतं. गप्प बसले.
त्या फासळीवर कसलाच भार नव्हता.

गेरोल्ड परत आला नाही.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात जिंकलेले आले,
मोजून, पावती देऊन सगळं नेलं:
लेथ, साचे, भट्टीच्या विटा,
दिव्यांची बटणं, माझी टी-पट्टी.
एका कोवळ्या लेफ्टनंटने एकेक कापड उजेडात धरलं,
माझ्याकडे पाहून मान हलवली.
सुंदर, अशी? की पुरे, अशी?
कुणी म्हणे एक संच पश्चिमेला गेला,
कुणी म्हणे समुद्रापार.
ज्याच्या हाती ससा तो पारधी,
हरलेल्याचं पेटंट कोण विचारतो.
त्या हिवाळ्यात रिकाम्या हॉलमध्ये
आम्ही बीटचा पाक शिजवला. तो लागायचा.

आता मी चौऱ्याहत्तरची.
गेल्या रविवारी नदीकाठी जुन्या गाड्यांचा मेळा होता.
एक रशियन आला, एक पोलिश, एक इंग्रज,
आणि एक जपानी गृहस्थ, तांबूस गाडी विमानाने आणून.
टाक्यांवर चार नावं, चार चिन्हं.
एकाला दुसऱ्याची भाषा येईना.
मग चौघांनी किका मारल्या
आणि वाटाणे ओतले जाऊ लागले.

इंग्रजाचा क्लच घसरत होता,
झाकण गवतावर उताणं पडलेलं.
मी हातमोजा काढून आत बोट घातलं.
फासळी धावत आली आणि थांबली,
जिथे मी थांबले होते तिथेच.
पोलिश गाडीतही तेच. रशियनमध्येही.
नकला करणारे किती इमानी असतात,
चूकसुद्धा चोरत नाहीत अर्धी.

जपानी गृहस्थांना खुणेनेच विचारलं.
त्यांनी वाकून सगळे स्क्रू काढले,
रुमालावर ओळीने मांडले.
आत बोट फिरवलं.
फासळी पूर्ण होती.

तेव्हापासून मला झोप नाही.
तिकडे कुठेतरी, कुठल्यातरी टेबलाशी,
कुणीतरी दिव्याखाली वाकून ती जागा पाहिली होती,
क्षणभर पेन उचलून धरलं होतं,
आणि मग ते दोन मिलिमीटर ओढून दिले होते.
बाई असेल का? सातजणींतली एक?
त्या दुपारी तिच्या घरी
कुणाला बोलावणं आलेलं नसेल,
किंवा येऊन गेलं असेल.