डावीकडून थ्रो-इन

मालाडला, सातव्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत
माझ्या वाट्याला आलंय कामेनोव्रात.
बल्गेरियातलं गाव. एक नदी,
एक बंद पडलेला लोकरीचा कारखाना,
त्याच्या पाठीमागे मैदान.
वस्ती नऊ हजार, म्हणजे आमच्या नायगावच्या दोन गल्ल्या.

काम सोपं आहे. चेंडू बाहेर गेला की सात.
कॉर्नर नऊ. पिवळं कार्ड बारा.
कुणी पडलं आणि उठलं नाही, एकवीस.
मी बटण दाबलं की कुठेतरी
कुणाच्या तरी फोनवर भाव हलतो.
कुणाच्या, ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

तिसरी श्रेणी, नैर्ऋत्य गट, सोळांत चौदावे.
कॅमेरा एकच, शेजारच्या गच्चीवर;
वारा सुटला की अख्खा सामना हलतो,
मध्येच कुणाची तरी वाळत घातलेली चादर
पेनल्टी एरिया झाकून टाकते.
तरी दोन महिन्यांत अकराही जण
चालण्यावरून ओळखू येऊ लागले.
डावा बॅक ट्रॅक्टर दुरुस्त करत असावा:
थ्रो-इनआधी हात चड्डीला पुसतो, ग्रीस लागल्यासारखा.
गोलकीपर स्तामेन, चाळिशीचा, पोट सुटलेला,
प्रत्येक किकआधी खांबाला टाच लावून बघतो
खांब जागेवर आहे ना.

एकदा तो पडला. डॉक्टर धावला, काहीतरी विचारलं.
स्तामेनने मान आडवी हलवली.
मी एकवीस दाबलं.
तो उठला आणि शेवटपर्यंत खेळला.
करकेरा मॅडमनी मेल लिहिला, माझे गुण कापले.
मग कळलं, त्या देशात
आडवी मान म्हणजे हो.

अण्णा गोदीकडून खेळायचे. तेही तिसऱ्या डिव्हिजनला,
तेही गोलात.
एकदा वर चढले, पुढच्याच वर्षी खाली आले,
मग गोदीनेच संघ मोडला.
घरात कप नाही. माळ्यावर पिशवीत ग्लव्ह्ज आहेत,
रबर एकमेकांना चिकटलेलं;
ओढलं तर फाटेल म्हणून कुणी ओढत नाही.
कधी विचारलं, "आठवण येते का हो?"
तर अण्णा मान आडवी हलवतात.
इतकी वर्षं मी त्याचा अर्थ नाही असाच लावत आलोय.

बुधवारी कप होता, पहिली फेरी.
चिठ्ठीत राजधानीचा मोठा संघ निघाला.
तिथले दीड, इथले पाच;
फ्लडलाइट नाहीत, अंधाराआत आटपायला हवं.
गच्चीवर गर्दी. निम्म्या पडद्यावर कुणाचा तरी कान.
एक्केचाळिसावं मिनिट. डावीकडून थ्रो-इन.
हात पुसले. लांब टाकला.
कुणाच्या तरी गुडघ्याला लागून
आत.

नियम आहे, एका सेकंदात कोड.
मी तीन लावले.
तेवढा वेळ तो गोल
त्या गावाचा होता, त्या कानाचा, माझा,
आणि जगात कुठेही भाव हललेला नव्हता.

चार-एक हरले. ते चारही मी वेळेत नोंदवले.
मग गच्चीवरचा पोरगा कॅमेरा बंद करायला विसरला.
एक म्हातारा कॉर्नरचे झेंडे उपटत फिरला,
काखेत चार दांड्या, आणि तसाच उभा राहिला
मध्यरेषेवर, बराच वेळ.
त्याला कोड नाही.

घरी आलो. अण्णा जागे.
म्हटलं, आज एक गोल झाला.
"कुणाचा?"
चौदाव्या नंबरवाल्यांचा. थ्रो-इनवरून.
हसले नाहीत. म्हणाले,
"मोठ्यांचा कीपर कुठे होता?"
मी म्हटलं, लाईनवरच.
"हं," म्हणत उठले,
फ्रिज आणि दाराच्या मधोमध, लुंगी सावरून,
एक पाऊल पुढे येऊन उभे राहिले:
"इथे पाहिजे होता."