रकाना सातवा

कुताइसीत त्या रात्री वीज तीनदा गेली.
त्सिआलाने मेणबत्ती लावली नाही,
लॅपटॉपच्या उजेडात वाक्यं खोडत राहिली.

पहिलं पान मालखाज सरांनी दुपारीच परत दिलेलं,
लाल शाईने नाही, पेन्सिलीने. ते जास्त लागतं.
'क्रांतिकारी', काट.
'अभूतपूर्व', काट.
'सर्वंकष'शेजारी फक्त एक प्रश्नचिन्ह,
कान धरून उभं केल्यासारखं.
'विशेषणांनी डोंगर थांबत नाही,' म्हणाले,
आणि चहा न घेता गेले.

मागच्या साली आम्ही लिहिलं होतं ताकापुरतं रामायण.
बारा पानं हवामानाची, नऊ पानं पृथ्वीच्या काळजीची,
आणि दरड?
दरड आली बाविसाव्या पानावर,
तीही तळटिपेत.
नकाराचं पत्र मात्र एका ओळीचं:
'यश आलं, हे तुम्हाला कशावरून कळेल?'
ते त्सिआलाच्या फ्रिजवर आहे.
लोणी काढताना वाचते, ठेवताना वाचते.

म्हणून यंदा आधी लिहिलंच नाही.
एप्रिलात राचाचा चढ चढून त्या गावात गेलो.
ओतियाने भेगेत काठी खुपसली,
ती मुठीपर्यंत आत गेली.
मधमाश्या पाळणारा माणूस, त्याचं मोजमाप त्याचं:
'आजोबांच्या वेळी चौथी पेटी अक्रोडाखाली होती.
पेटी आम्ही हलवली नाही.
आता अक्रोड पेटीच्या खाली आहे.'
हे संदर्भसूचीत कसं लिहायचं
यावरून उतरताना आमचं भांडण झालं.

पण त्याआधी आम्ही त्याला यंत्र दाखवलं, मुठीएवढं.
जमीन दोन मिलिमीटर सरकली
की खाली शाळेत भोंगा.
त्याने ते उलटं केलं, हुंगलं,
आणि विचारलं,
'हिवाळ्यात बॅटरी कोण बदलणार?'

आम्ही सगळे डोंगराकडे बघायला लागलो.

आता रात्रीचे साडेदहा. रकाना सातवा: जोखीम.
मागच्या साली इथे एकच शब्द होता, 'नगण्य'.
त्सिआला लिहिते:
बर्फ कमरेएवढं असतं.
बॅटरी थंडीत मान टाकते.
भोंगा खोटाही वाजेल,
आणि तीनदा खोटा वाजला
तर चौथ्यांदा कुणी अंथरुणातून उठणार नाही.
हे आम्ही टाळू शकू असं वाटत नाही.
किती वेळा होतं, ते मोजू.

माझा हात बॅकस्पेसकडे गेला.
तिने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

यंत्रं चाळीस होती, अठरा केली.
वाचलेल्या पैशांत शिडी, सुट्या बॅटऱ्या,
ओतियाच्या भाचीचा, लमाराचा, दोन वर्षांचा पगार,
आणि बर्फातले बूट, एक जोड, अडतीस नंबर.
हिशेबनीस फोनवर, झोपेत:
'बूट? उपकरणांत धरू की प्रवासात?'
'पायात,' त्सिआला म्हणाली,
मग माफी मागून 'उपकरणांत'.

वेळापत्रकाच्या पट्ट्यांत जानेवारी-फेब्रुवारी कोरे ठेवले.
ते महिने आमचे नाहीत.

ब्रसेल्सच्या घड्याळात दहाला आठ कमी,
आमच्या घड्याळात बाराला.
बटण दाबलं, चाक फिरत राहिलं,
आणि तेव्हाच वीज गेली, तिसऱ्यांदा.
अंधारात कुणी कुणाकडे बघितलं नाही.
पोचपावती सकाळी सापडली.

निकाल सप्टेंबरात.
दरडीला ते कुणी कळवलेलं नाही.

ओतियाने भेगेच्या दोन्ही काठांवर खुंट्या ठोकल्यात,
मध्ये दोरी.
रोज सकाळी पेट्या बघून झाल्या की फोन करतो.
'चार बोटं.'
'चार बोटं.'
काल, 'चार आणि थोडं.'
त्सिआला तारीख घालते,
बोटांचे सेंटिमीटर करते,
थांबते,
आणि शेजारच्या रकान्यात
बोटंही ठेवते, 'थोडं'सकट.