मोजनळी

काचेच्या नळीत गरगरतोय मेहसाण्याच्या तेलाचा थेंब,
लांबून लांबून सुतासारखा.
ताण जवळजवळ शून्य.
‘जवळजवळ लिहू नका, आकडा लिहा,’ इनामदार मॅडम.

दगडाचा गाभा मुठीएवढा.
चार दिवस पाणी ढकललं,
तरी अर्धं तेल छिद्रांत दडी मारून.
आता साबण सोडलाय:
रेणूचं डोकं पाण्याकडे, शेपूट तेलाकडे.
असा एकजण आमच्या घरीही हवा होता,
दादा आणि बाबा एका पंगतीला बसेनात तेव्हा.

पावणेदहाला मोजनळीत काळा ठिपका उतरला.
टाळी नाही वाजली.
मॅडमनी डबा उघडला, पोळीवरचं तूप थिजलेलं.

मी हात धुतले, दोनदा,
तरी पाषाणहून मनपाला जाणाऱ्या शेवटच्या बसमध्ये
दांडीला धरलेल्या बोटांना
खोल दगडाचा वास होता.