डावा गुडघा

ग्लेस बेच्या कर्लिंग क्लबात, वरच्या मजल्यावर,
आम्ही सहाजण उरलो होतो. पूर्वी एकोणीस असायचो.
कुलपं दुरुस्त करणारा बाप आणि त्याची तोंडाळ लेक:
सात वर्षं दर मंगळवारी आम्ही त्यांच्या दुकानात बसायचो,
म्हणजे टीव्हीसमोर,
पण बसायचो तिथंच.

त्या दुकानाचं दार अडकायचं.
गावभरची कुलपं उघडणाऱ्याचं स्वतःचं दार!
नेल डावा गुडघा हाणायची,
दार उघडायचं, वरची घंटा निखळायची,
आणि बाप मान वर न करता ती एका हातानं झेलायचा.
एकशे बेचाळीस भाग. एकदाच चुकला,
बायकोचं पत्र येतं त्या भागात.
तेव्हा युनिस उठून बाहेर गेली होती. का, ते कुणी विचारलं नाही.

सोळा वर्षांनी परत आलेत. चारच भाग.
पहिल्या दृश्यात नेल येते, केस आखूड, हातात फोन,
आणि दार
सुळ्ळकन उघडतं.

"थांबव," लॉर्न म्हणाला.
"दुरुस्त केलं त्यांनी." कुणी गेल्याचं सांगावं तसं.
सोळा वर्षांत कुणीतरी रंधा मारणारच की, बर्नाडेट म्हणाली.
"कुणीतरी म्हणजे कोण? बाप? जीव गेला तरी नाही."
"लिहिणारे बदललेत."
"लिहिणारे तेच आहेत, म्हातारे झालेत."
"पैशासाठी केलंय सगळं."
"मग तेव्हा काय पुण्यासाठी करत होते?"
विल्फचं म्हणणं, सेट नवा बांधला
आणि सुताराला कुणी सांगितलंच नाही.
हे मला सगळ्यात खरं वाटलं. आणि सगळ्यात वाईट.

युनिस चहात ओटकेक बुडवत होती.
माझ्या स्वयंपाकघरातला खण, ती म्हणाली,
हेक्टर गेल्यापासून अडकत नाही.
मी काही केलेलं नाही त्याला.
तोच घाईनं ढकलायचा बहुतेक.

पडद्यावर नेल उंबऱ्यात थिजलेली, तोंड अर्धं उघडं.
खाली बर्फावर कुणीतरी दगड सोडला,
त्याची घरघर वर आली,
दुसऱ्या दगडावर आपटल्याचा आवाज काही आला नाही.

मी पुढे चालू केलं.
उरलेलं सगळं आम्ही कुरकुरत पाहिलं,
म्हणजे नीट पाहिलं.
लॉर्न हल्ली नातवंडांची नावं विसरतो,
पण बापाचे जुने संवाद पुटपुटत होता,
नव्या ओठांवर ते बसत नव्हते.
घंटा आता पडत नाही. बापाचा हात मात्र
दार उघडलं की काउंटरवरून बोटभर उचलला जातो
आणि परत खाली येतो.
दुसऱ्या भागात मला दिसलं. तिसऱ्यात मुद्दाम पाहिलं.
सांगितलं नाही कुणाला.

साडेअकराला निघालो. बाहेर गारठून पडणारा पाऊस,
क्लबाचं दार चौकटीला घट्ट चिकटलेलं.
विल्फनं खांदा लावून पाहिला, मी कडी हलवून.
"सरका," युनिस म्हणाली,
कोट वर धरला आणि हाणला गुडघा.

थंडी भस्सकन आत आली.

"उजवा होता तो," लॉर्न म्हणाला.
"डावा स्टीलचा आहे. हॅलिफॅक्सला बसवलाय," युनिस म्हणाली,
"तो कशाला खर्ची घालू?"

मग पार्किंगमध्ये, गाड्यांच्या काचा खरवडत,
आणखी पाऊण तास:
पाचवा काढला त्यांनी,
तर दाराचं काय करतील.