सात क्रोमिस

मुरगाव बंदरात बत्तीस वर्षं
मी भरती-ओहोटीची वही लिहिली.
आता बायण्याला, दुसऱ्या मजल्यावर,
साडेतीन फुटांचा समुद्र आहे माझ्याकडे.
त्याला भरती नाही.

खिडकी उघडली की खरा दिसतो,
तरी मीठ मी विकत आणतो, निळ्या बादलीतून,
कारण धक्क्याच्या पाण्यात कोळसा असतो, डिझेल असतं,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक.
मोजून ढवळतो. एक थेंब काचेवर ठेवतो, उजेडाकडे धरतो:
पस्तीस.
बायको म्हणते, आमटी खारट झाली का
ते कधी असं बघितलं नाहीत.

क्रोमिस सात आणले, फातोर्ड्याच्या आवेलिनोकडून.
बोटाएवढे. दिव्याखाली पोपटी,
वळले की निळे, आणि मधला रंग
कुठल्याच साडीच्या दुकानात नसलेला.
पिदादीन बांगडे घेऊन जिन्यापर्यंत येते,
तिने टोपली उतरवली, आत डोकावली.
"केवढ्याला?"
सांगितलं.
बराच वेळ गप्प. मग,
"साती मिळून एक घास व्हायचा नाही, पात्रांव."

पहिले पंधरा दिवस
एक वळला की साती वळायचे.
पहिला कोण वळला
ते मी नाकाने काच धुरकट करूनही पकडू शकलो नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं
की इथे काही येत नाही.
ना इसवण, ना वरून सरकणारी सावली.
रोज सकाळी आठला चिमूटभर खाणं, बस.
तेव्हा घोळका सुटला.
ज्याने त्याने आपापला दगड धरला.
एकाची शेपटी कुरतडलेली दिसली,
आणि गुरुवारी सहा.
प्रेत सापडलं नाही; शंखातला खेकडा
माझ्याआधी हिशेब पुसून टाकतो.
पुढच्या महिन्यात पाच.

आवेलिनो फोनवर म्हणाला, "काका, तसंच होतं.
एखादा मोठा मासा सोडा, न खाणारा, नुसता मोठा दिसणारा.
भीती लागते त्यांना एकत्र राहायला."
मी सोडला नाही.

चवथीच्या आदल्या रात्री, माटोळी अर्धी बांधलेली,
ट्रान्सफॉर्मर फुटला.
पंप थांबला.
इतकी वर्षं ही घरघर आहे हेच कळलं नव्हतं.
मी स्टुलावर चढून मगाने पाणी उचलत होतो,
उंचावरून ओतत होतो,
उचलत होतो.
खांदा गेला तेव्हा बायकोने मग घेतला.
एकच्या सुमाराला दारावर टकटक:
वरचे खोर्जुवेकर,
पार्किंगपायी दोन वर्षं अबोला.
हातात सेलवरचा छोटा पंप,
गळाला लावायच्या जिवंत कोळंब्यांसाठी ठेवलेला.
"आवाज येत होता पाण्याचा," म्हणाले.
नळी सोडली. बुडबुडे आले.
मग टॉर्चच्या उजेडात तिघं उभे राहिलो.

पाची एका कोपऱ्यात,
तोंडं एकाच दिशेला.
एक वळला,
पाची वळले.

चार वाजून दहाला वीज आली.
हाताच्या सवयीने कॅलेंडरमागे लिहिलं: ओहोटी.

सकाळी ज्याचा त्याचा दगड.
खाली माझ्या जागेवर खोर्जुवेकरांची गाडी.
पंप अजून माझ्याकडे आहे.
ते मागायला आले नाहीत,
मी द्यायला गेलो नाही.